बाबलचं खाणं

वसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुळगावात त्याच्याच घरी, त्याच्या बाबलसमोर गांडूळ धरून बसले होते. वसंत माझा धाकटा भाऊ. जन्मभर खाणीवर ट्रक चालवला, लग्न केलं नाही, आणि म्हातारपणी म्हापशाहून हे जनावर आणून काचेच्या टाकीत ठेवलं. ॲक्सोलॉटल म्हणतात. मी पाण्यातली पाल म्हणते. पांढरं अंग, मानेला गुलाबी झुबके, तोंड सदा हसल्यासारखं. हसण्यासारखं काय आहे, देव जाणे.

वसूला इस्पितळात न्यायचं म्हणून मी पेडण्याहून आले होते. गाडीत बसताना स्वतःच्या दुखण्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. "ताई, बाबलाक उपाशी ठेवू नको हां," एवढंच.

आणि बाबल माझ्या हातचं खाईना. दारातल्या शेणाच्या राशीतून लाल, वळवळती गांडुळं काढून मी चिमट्याने त्याच्या तोंडाशी धरायची. ते गपकन घ्यायचं आणि थुंकून टाकायचं. वसूचा दहावा झाला, बारावा झाला... याचं तेच. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी तव्यावर टाकून टाकीपाशी जायची, तिकडे भाकरी जळायची. शेजारची कुसुम म्हणाली, "मालकाची वाट बघता ता."

"पालीक कसली गे वाट?" मी म्हटलं. पण मनात माझ्याही तेच होतं. शिवाय भावाने एकच काम सांगितलं, आणि ते जनावरही माझ्या हातून मरतंय.

मग एका सकाळी शेण उकरताना आठवलं. मागे मी आले होते तेव्हा वसू गांडुळांसाठी पार ओहोळापलीकडच्या पोफळींत जायचा. मी टोमणा मारला होता, "दारात रास असताना गावभर फिरतोस!"

"शेणातली कडू लागतत गे."

"तू खाऊन बघितलंस?"

"बघितलंय."

खरं की थट्टा, त्याचं कधी कळायचंच नाही... हे आठवायला मला इतके दिवस लागले.

पोफळींखालची मातकट गांडुळं आणली, धुतली. बाबलने एक गिळलं आणि दुसऱ्यासाठी काचेला नाक लावलं. बरं वाटायला हवं होतं. मला रागच आला. "मेल्या, आपण दोघं त्याची वाट बघतोय असं धरून चालले होते मी. तुला नुसतं बरं खाणं हवं होतं?"

आता रोज सकाळी मी ओहोळ ओलांडते. पोफळींखाली वसूने उकरलेले खड्डे अजून तसेच आहेत. मी जरा बाजूला उकरते.