दोन कार्डांचा पैरा

माझ्या मामांना दोन मुलांसाठी दोन वेगळ्या वस्तू आणणं कधी जमलंच नाही. एक मी, त्यांचा भाचा. दुसरा त्यांचा मुलगा, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. दिवाळीला एकाच ताग्यातले दोन शर्ट, जत्रेतून एकाच गाड्यावरच्या दोन पिपाण्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आम्ही दोघे कॉलेजात होतो, तेव्हा ते कामासाठी मुंबईला गेले आणि येताना गेम खेळायची ग्राफिक्स कार्डं घेऊन आले. अर्थात दोन, आणि हुबेहूब सारखी. एक सांगलीला त्यांच्या घरी राहिलं, दुसरं वडूजला माझ्याकडे आलं.

आमच्याकडे कॉम्प्युटर होता तो वडिलांच्या लग्नपत्रिकांसाठी. ते शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात पत्रिका जुळवत. कार्ड बसलं आणि सकाळी जिथे गणपती आणि तोरणं दिसत, त्याच पडद्यावर दुपारी मोटारी सुसाट पळायला लागल्या. मी पुस्तकात डोकं घालून बसणारा. माझ्यासाठी म्हणून आमच्या दारात कोणी येत नसे. मामेभाऊ मात्र आता दर रविवारी तीन तास एसटीत बसून येऊ लागला. कारण काय, तर माझं कार्ड त्याच्या कार्डापेक्षा जास्त पळतं का, हे तपासायचं होतं. एकसारख्या कार्डांत फरक पडत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही तरी दर रविवारी घड्याळ लावून तपासत होतो, आणि निकाल वहीत लिहीत होतो.

मग त्याने सांगलीच्या स्टँडवर एका मासिकात वाचलं की एकसारखी दोन कार्डं एकाच मशीनमध्ये जोडता येतात. पडद्यावरची एक ओळ एक कार्ड काढतं, पुढची दुसरं, असं एकाआड एक. चित्र मोठं होतं, शिवाय पळतंही. त्याने तिथूनच फोन केला. हसू आवरेना म्हणून त्याला दोनदा पहिल्यापासून सांगावं लागलं. "येड लागायची पाळी हाय गड्या," तो म्हणाला. हे वाक्य कागदावर उतरवायला मला दोन दिवस लागले. तो गेला त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे, आणि त्याचा आवाज अजून नेमका तसाच ऐकू येतो.

प्रश्न एवढाच होता, की दोन्ही कार्डं बसवायची कोणाच्या मशीनमध्ये. शहाणपणाचं उत्तर सांगली हेच होतं. त्याचं मशीन जास्त ताकदीचं होतं, आत जागाही मोकळी होती. पण दोन्ही कार्डं तिकडे गेली की त्याला वडूजला येण्याचं कारण उरणार नव्हतं. मी गेलो असतो, पण तिथे त्याच्या मित्रांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसलेला मी मला आधीच दिसत होतो. हे सांगायचं कसं? मी आठवडाभर हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

शेवटी रविवारी वडिलांनी एका पत्रिकेतली वधूकडची आडनावं तपासता तपासता विचारलं, भानगड काय आहे. आलेल्या मामेभावाने सांगितली. वडील आधी शेतकऱ्याचा मुलगा आणि मग मास्तर.

"दोगांकडं एकेक बैल हाय म्हना की. मग पैरा करा," ते म्हणाले.

आमच्याकडे एकेकच बैल असलेले दोघे तसंच करतात. आज दोन्ही बैल तुझ्या रानात, उद्या माझ्या. ठरलं. आठ दिवस सांगली, आठ दिवस वडूज.

पहिली पाळी सांगलीची. माझं कार्ड घेऊन मी गेलो. दोन कार्डांना जोडणारी वीतभर पट्टी लागते, ती तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने फ्लॉपीची जुनी वायर कापून करून दिली. मशीन सुरू झालं, शर्यत लागली, आणि मामेभावाने पहिल्याच वळणावर गाडी थांबवली. रस्त्याकडेचं गवत वेगवेगळं दिसत होतं, पात्यागणिक. बाकीच्या गाड्या भर्रकन पुढे गेल्या आणि आम्ही दोघे गवत बघत हसत सुटलो. मामी चहा घेऊन आल्या. गाडी उभी करून काय बघता म्हणून रागावल्या, आणि मग कप हातात तसेच धरून स्वतःच म्हणाल्या, जरा फुडं घे, तिकडं झाड हाय वाटतं.

पुढच्या शनिवारी माझी पाळी. मी तासभर आधी स्टँडवर. सांगलीची गाडी आली, माणसं उतरली, तो उतरला नाही. कंडक्टरने माझ्या हातात खोकं दिलं. घरी येऊन उघडलं तर दोन्ही कार्डं व्यवस्थित कापडात गुंडाळलेली, पट्टी नाही. मी फोन लावला.

"बैलं दिली की दोनी," तो शांतपणे म्हणाला. "जू ज्यानं त्यानं आपलं घ्यायचं असतंय."

पैऱ्याच्या रिवाजाने ते बरोबर होतं. ज्याचं रान त्याचं जू. मागे उभ्या वडिलांना मी ते सांगितलं, तर त्यांनीही मान डोलावली. मग मी आमच्या फ्लॉपीच्या वायरीकडे पाहिलं, तसा त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला. अकरा जोडप्यांच्या पत्रिका फ्लॉपीवर होत्या. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच, एरवी जन्मात बोललो नसतो ते बोलून गेलो.

"पट्टी पाठवू नगंस. तू घिऊन ये."



"मला वाटलं, तुला आता कार्डंच पायजेत, मी न्हाई," तो म्हणाला.

रविवारी तो पहिल्या गाडीने आला, पट्टी वहीच्या पानांत जपून ठेवलेली. माझा मोडेम काढून आम्ही जागा केली. त्या दिवशी आम्ही एकही शर्यत पुरी केली नाही. उलट्या दिशेने गाडी हाकली, पाण्यात घातली, दोघांचे हात एकाच कीबोर्डवर, आणि दर टकरीला वडील आतून विचारत, कोण पडलं रं.

दुपारी त्याने कॅबिनेटवर तळवा ठेवला आणि जाहीर केलं की दोन्ही कार्डं आता इथेच राहू देत. सांगलीला ती फार तापतात.

सांगलीच्या त्या खोलीत दोन पंखे होते. आमच्याकडे एकच, आणि तोही वडिलांच्या टेबलाकडे तोंड करून. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पट्टीची टोकं नीट बसलीत का बघण्यात गुंतला होता. तिथं लय तापत असतील, मी म्हणालो. लय, तो म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीला तो रिकाम्या हाताने निघाला. पुढच्या रविवारी येशील का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.