कोनाड्यातली काडीपेटी

सुलोचनाबाई भित्र्या होत्या, हे साऱ्या आळीला माहीत होतं आणि त्याही ते लपवत नसत. फोन वाजला की त्या दचकायच्या, आणि दिवसभर वाजला नाही तर त्याहून जास्त घाबरायच्या. शेजारचे कवडूजी त्यांना चिडवत, "वहिनी, भ्यायले काई नसलं तं तुमी त्याचंच भेव घेता."

"हसा बापा, हसा," बाई म्हणायच्या. "तुमच्या घरचा गॅस चालू राह्यला तं वास पयले मलेच आला होता ना? तुमी तं घोरून राह्यले होते."

हे खरं होतं, म्हणून कवडूजी विषय बदलायचे.

भेव त्यांनी माहेराहून आणलं होतं. माहेर पुलगावचं. बाप दारूगोळ्याच्या डेपोत कामाला. सकाळी निघायच्या आधी तो दाराजवळच्या कोनाड्यात विडीचा कट्टा आणि काडीपेटी काढून ठेवायचा, मग दोन्ही खिसे थोपटून पाहायचा. गेटवर झडती होई. "आत एक काडी गेली तं मी बी नाई अन् पुलगाव बी नाई," असं म्हणून तो हसायचा. माय हसायची नाही. संध्याकाळी ती दारात उभी राही, आणि सायकलची घंटी ऐकू आली की मगच चूल पेटवी. बाप निवृत्त होईपर्यंत सायकल रोज धडधाकट घरी आली. काहीएक झालं नाही. पण मायच्या पदराला धरून उभ्या राहणाऱ्या पोरीच्या अंगात ते वाट पाहणं जे शिरलं, ते शिरलंच.

लग्न होऊन त्या सेलूला आल्या तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. नवरा, हेमराज, रोडच्या कडेला डेंटिंग-पेंटिंगचं दुकान चालवायचा. रंगाला काय भ्यायचं? रंग तर लेकरंही खेळतात. हेमराज संध्याकाळी घरी यायचा तो थिनरच्या वासासकट. त्याच्या शर्टाला तो वास, उशीला तो वास. वर्षं गेली तसा बाईंना तो वास येईनासा झाला. घराचाच वास झाला तो. हेमराज नाकाला फडकं बांधून फवारा मारायचा. बाई रात्री ते फडकं धुवायच्या आणि पाण्याचा रंग पाहून ओळखायच्या, आज कोणती गाडी होती.

मग खोकला सुरू झाला. शेवटची दोन-तीन वर्षं हेमराज रात्री पलंगावर उशीला टेकून बसून काढायचा, आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, आत थर बसले आहेत. बाईंना ते लगेच समजलं. थरावर थर कसे बसतात ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

हेमराज गेला आणि मागे अंगणात एक गाडी ठेवून गेला.

ती गाडी म्हणजे एक तमाशाच होता. दोन शिटांची, डोक्यावर टप नसलेली, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या मांजरीसारखी. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात कापसाच्या फाटक्या बारदान्याखाली ती वर्षानुवर्षं गंजत होती. मालकाचे नातू भंगारात घालणार होते, हेमराजने ती मागून आणली. जुन्या काळी मालक ती पळवायचा तेव्हा लहानगा हेमराज रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहायचा म्हणे. श्वास पुरेनासा झाला तरी बसल्या बसल्या तो तिचे पत्रे घासत राहिला. गंज काढला, भोकं झाळली, पुट्टी भरली, प्रायमर मारला. रंगही त्यानेच ठरवला होता, पिकल्या बोराचा. खोलीच्या भिंतीवर नमुन्याचा एक ठिपका लावून ठेवला होता. तो ठिपका तसाच होता, आणि गाडी कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून राखाडी अंगाने उभी होती.

यंदा मे महिन्यात धम्मदीप म्हणाला, "माय, सुट्ट्या हायेत, तं मी गाडी रंगवून टाकतो."

धम्मदीप त्यांचा एकुलता एक. शाळेत क्लार्क होता.

"कोनती गाडी?" बाईंनी विचारलं. जशा काही अंगणात चार-सहा उभ्या होत्या.

"बाबाची. आता फक्त रंगच तं राह्यला."

"त्या फक्त रंगानंच तुहा बाप नेला."

सून वर्षाली भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आई, त्यायनं मास्क आनला हाय. चांगला, दोन डब्यांचा. बाबांजवळ नुसतं फडकं होतं."

"फडकंही चांगलंच होतं बाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सकाळी पांढरं असे. संध्याकाळी लाल."

पण धम्मदीप बापासारखाच होता, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्याने अंगणाकडची बापाची सामानाची खोली रिकामी केली. तिला बाहेरून दुकानासारखं रुंद दार होतं, गाडी आत सरकवता आली. रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्यांवर आणि बाहेरच्या दारावर काळं प्लास्टिक चिकटवलं, जमिनीवर पाणी शिंपडलं. एका खिडकीत घरातला कूलर उलटा बसवला, म्हणजे तो आतली हवा बाहेर फेकेल. सारं गाव कूलरसमोर बसून थंडी खात होतं आणि यांचा कूलर कडुनिंबाला हवा घालत होता. कवडूजी पाहून गेले आणि म्हणाले, "झाडाले सर्दी होईन, धम्मदीप."

बाईंनी आपले नियम सांगितले. रंगाच्या दिवशी घरात विस्तव नको, थिनरची वाफ पेट घेते. स्वयंपाक पहाटेच उरकायचा, गॅस टाकीपासून बंद. बुद्धाच्या फोटोपुढची मेणबत्तीही लावायची नाही.

"अन् काडीपेटी माह्याजवळ राहीन," त्या म्हणाल्या. "कोनाचा भरोसा नाई." आणि त्यांनी ती कमरेला खोचली. "एक अजून. मास्कातलं तुहं बोलनं भिंतीपलीकडं ऐकू येत नाई, तं गाडीभोवती एक चक्कर झाली की भिंतीवर ठोकजो. मी इकडं बसून राहीन."

"माय, मी रंग मारू का ठोकत बसू?"

"ठोकजो म्हटलं ना."

ठरल्या दिवशी जेवणवेळ टळून गेल्यावर कॉम्प्रेसर सुरू झाला. बाई मधल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसल्या. वर्षाली दळण घेऊन गिरणीवर गेली होती. पलीकडून रंग फवारायच्या गनची फुसफूस ऐकू यायची. जवळ यायची, दूर जायची. बाई ऐकत होत्या, तशाच, जशी माय सायकलची घंटी ऐकायची. मग फुसफूस थांबे, आणि टकटक. बाई श्वास सोडत. पुन्हा फुसफूस. अंगातून घामाच्या धारा, लुगडं भिजून कमरेला चिकटलेलं, पण जागा सोडायची म्हणजे काय! पुन्हा टकटक.

तिसऱ्यांदा फुसफूस सुरू झाली आणि लाइन गेली.

कॉम्प्रेसर ढेकर दिल्यासारखा करून बंद पडला. कूलरची घरघर थांबली. गनमधून थोडा वेळ वारा आला, मग तोही गेला. घरात असं चिडीचूप झालं की बाईंना आपल्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

"धम्मदीप?"

बाईंनी भिंतीला कान लावला.

"ठोक ना रे."

भिंत मुकी. बाई उठल्या, गुडघे वाजले. खोलीच्या आतल्या दाराशी गेल्या. तेही प्लास्टिकने बंद होतं. फटीतून उजेडाची रेघही येत नव्हती. त्या अंधारात तो पडला असेल. मास्क लावून पडला असेल. त्याची छाती शिट्टी वाजवत असेल आणि मास्कामुळे ती ऐकूही येत नसेल. बाईंच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नाही. पोरगं अंधारात आहे, त्याला उजेड पाहिजे. लाइन गेल्यावर घरातली बाई जे करते, जे त्यांनी आयुष्यभर केलं, तेच त्यांच्या हातांनी केलं. बुद्धाच्या फोटोपुढची मेणबत्ती उचलली, दाराशी परत आल्या, कमरेची काडीपेटी काढली आणि काडी ओढली.

काडी पेटली नाही. तिचं डोकं मऊ होऊन पेटीवर लाल घासलं. बाई पुटपुटल्या, "पेट ना माय, पेट." दुसरी ओढली. ती जराशी फुसफुसली आणि विझली.

तेवढ्यात आतून प्लास्टिक टरटर फाटलं. दार उघडलं आणि धम्मदीप अंदाजाने पाय टाकत बाहेर आला, तोंडावर मास्क, एका हातात गन, दुसऱ्या हाताने पाइप खांद्यावर धरलेला. त्याच्यामागून सारा कोंडलेला वास बाहेर लोटला. तो बाईंच्या नाकात, घशात, डोळ्यांत शिरला. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांना थिनरचा वास आला. घराचा नाही, थिनरचा.

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. धम्मदीपनेही पाहिलं.

त्याने गन खाली ठेवली, मायचं मनगट धरलं आणि तिला ओढत अंगणात उन्हात नेलं. तिच्या हातातली काडीपेटी काढून दगडावर ठेवली आणि मास्क काढला.

"माय, काय करून राह्यली होती?"

"उजेड आनत होती."

धम्मदीप कडुनिंबाखाली मटकन बसला. श्वास घेताना त्याच्या छातीतून बारीक आवाज येत होता. तो भीतीचाच होता, पण बाईंनी तो आवाज आधी ऐकलेला होता, म्हणून त्याही त्याच्याजवळ बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

वर्षाली पिठाचा डबा घेऊन आली. "काय झालं? काऊन असे बसले दोघं?"

"लाइन गेली," सुलोचनाबाई म्हणाल्या.

उन्हं कलल्यावर बाईंना ती काडीपेटी दगडावर तशीच पडलेली दिसली. दिवसभर तापलेल्या दगडावर ती वाळून खडखडीत झाली होती. बाईंनी अंगणाच्या पार टोकाला जाऊन एक काडी ओढली. फर्रकन पेटली. हातभर ज्वाळ आल्यासारखी वाटली त्यांना. म्हणजे पेटीत काही खोट नव्हती. कमरेच्या घामाने तेवढी भिजली होती, बस. भेवाने त्यांनी ती स्वतःजवळ ठेवली, भेवानेच काढली, आणि मधे फक्त घाम होता. त्या काडी बोटांपर्यंत जळेस्तोवर पाहत राहिल्या.

मग तीन दिवस बाईंनी विस्तवाला हात लावला नाही. चहासुद्धा वर्षालीला मागायच्या. शेवटी तिने विचारलंच आणि बाईंनी सारं सांगितलं. डेपोतल्या बापापासून सांगितलं. वर्षाली पीठ भरल्या हातांनी तशीच बसून राहिली.

"मले घरात ठेवू नका रंगाच्या दिवशी," बाई म्हणाल्या. "आतापर्यंत जगाचं भेव वाटे. आता माह्या हाताचं वाटते."

धम्मदीपने ऐकलं. गाडीवर त्या दिवशीचा रंगाचा अर्धवट हात सुकून मधे रेघ पडली होती, ती तो पाण्याने घासत होता. घासता घासताच म्हणाला, "मी ठोकलं नाई, काऊन की अंधारात पाइप कुठं ठेवू ते दिसेना, अन् हात रिकामा नव्हता. एका हाती गन, दुसऱ्या हाती पाइप. पाइप ओल्या रंगाले लागला की सारी मेहनत मातीत. बाबाजवळ पाइप धरायले मानूस राहे."

"मी धरते," बाई म्हणाल्या.

"तुले भेव नाई लागत?"

"लागते ना. पन तू दिसशीन."

दुसरा मास्क आला. वेळ दुपारऐवजी सकाळची ठरली. रुंद दारावर प्लास्टिक नुसतं लटकवलं, आणि लाइन गेली की बाहेरून दार उघडायचं काम वर्षालीकडे. मास्क लावून मायलेक अंगणात उभे राहिले तेव्हा वर्षाली म्हणाली, "दोघं बी हत्तीचे पिल्लू दिसता."

आत जाण्याआधी सुलोचनाबाई थांबल्या. मास्क वर केला. दाराजवळच्या कोनाड्यात काडीपेटी ठेवली. कंबर थोपटली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग दोन्ही हात वर करून सुनेपुढे उभ्या राहिल्या.

"हे काय, आई?"

"माही झडती घे."

वर्षाली हसली. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबवून तिने खरोखर झडती घेतली. ओचा, कंबर, पदराची गाठ, सारं चाचपलं. "जा," ती म्हणाली, "काई नाई तुमच्याजवळ."

आत फुसफूस सुरू झाली. राखाडी दारावर बोराचा रंग चढू लागला, ओला, आरशासारखा. बाई दोन्ही हातांनी पाइप उचलून मागे मागे चालत होत्या. रंगाकडे त्या फारशा पाहत नव्हत्या. लेकाची पाठ पाहत होत्या, खांदे वर जातात का, खाली येतात का. बापाचेच खांदे.

अर्धी गाडी झाली आणि लाइन गेली.

काळोख पडला. सुलोचनाबाईंचा उजवा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे काही नव्हतं. तो हात त्यांनी परत पाइपवर आणला आणि बोटं दुखेपर्यंत पाइप आवळून धरला.

"माय?" मास्कातून दबका आवाज आला. "हाय का?"

"हाव," त्या म्हणाल्या. बाहेर वर्षालीचे पाय धावत आले, कडी वाजली. "हालू नको. पाइप धरून हाय मी."