पत्र्यावरच्या झावळ्या

ओल्या झावळीचा वास आला की मला गोवा राज्य झालं त्या वर्षीचा मे महिना आठवतो. आम्ही सावंतवाडीकडून आलेले, गोव्यात कारापूरला पत्र्याच्या खोलीत राहायचो. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. माझं पहिलं बाळंतपण तिथेच झालं. दुपारी पत्रा इतका तापायचा की पाच दिवसांची पोर दूध ओढायचं सोडून नुसती धापा टाकू लागली. शेजारणीच्या घरी देवकार्य होतं, त्यामुळे बाळंतपणाचं सोयर असताना तिला माझ्या खोलीत यायला चालत नव्हतं. ती दारातूनच बाळाला बघून गेली, तेव्हा माझा धीर सुटला. थोड्या वेळाने पत्र्यावर धाडधाड आवाज झाला. बाहेर बघते तर लुगड्याचा काष्टा मारून ती शिडीवर चढलेली, आणि पावसाळ्यात स्वतःच्या भिंतीला लावायला विणून ठेवलेल्या झावळ्या माझ्या पत्र्यावर पसरत होती. मला बघून म्हणाली, "सोयर घरात असता गो बाये, छपरार नाय!" तिच्या नवऱ्याचा धाक घालत खालून बायका ओरडल्या, "उतर गो, घोव येतलो तुझो!" ती वरूनच म्हणाली, "येवंदे, तोय पाणी ओढतलो!" मग दुपारभर त्या सगळ्या विहिरीचं पाणी कळशीने वर देत राहिल्या आणि ती झावळ्या भिजवत राहिली. तिन्हीसांजेला मुलगी पोटभर दूध प्यायली. उन्हापाण्याने त्या झावळ्या कुजून गेल्या, आणि त्या पावसाळ्यात झावळ्यांवाचून शेजारणीची मातीची भिंत एका बाजूने ढासळली. मी रडवेली झाले तर तीच म्हणाली, "भिंत परत बांधूक येता गो." पोरीला पाठीशी बांधून मी तिच्यासोबत माती तुडवायला गेले. आज मुलीला स्वतःची दोन मुलं आहेत, आणि तेव्हा तिला सांगायचं राहून गेलेलं मी आता या वहीत लिहिते आहे.