एमआरआयच्या दारात अडलेला करदोडा

गेल्या मंगळवारी नागपुरात बायको माझ्यावर चारचौघांत ओरडली... आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

नीट सांगतो. मी कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालो, राहायला कोंढ्याला. तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटमध्ये बारीक गाठ निघाली, बायोप्सी झाली, कॅन्सरच आहे म्हणाले. पण डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही, रेडिएशनचा शेक दिला नाही, साधी गोळीसुद्धा नाही. गाठ लहान आहे, सुस्त आहे, नुसतं लक्ष ठेवू... दर सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी आणि वर्षातून एकदा एमआरआय. वाढायला लागली तरच हात लावू.

मला ते लगेच पटलं. कालव्याला थोडा झिरपा लागला म्हणून आम्ही कधी काठाची पाळ फोडली नाही, दर हंगामात जाऊन बघून यायचो. गावाला मात्र पटेना. 'कॅन्सर हाय अन् इलाज नाही करून राहिले?' असं म्हणून लोक माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की मलाच आपली नाडी बघावीशी वाटायची.

खरा फरक घरात पडला. माझी बायको मंदा भांडायची बंद झाली.

तुम्हाला मंदा माहीत नाही. स्वयंपाकघराची खिडकी मी चुकीच्या बाजूला ठेवली, यावरून ती वीस-एकवीस वर्षं भांडत होती, दर उन्हाळ्यात नव्या दमाने. माझा आजार कळला त्या दिवसापासून खिडकीचं नाव नाही. भाजी अळणी म्हटलं की मुकाट्याने मीठ आणून ठेवते, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात देते. मला आराम मिळावा म्हणून स्वतःची खाटही तिने पलीकडच्या खोलीत नेली. इकडे आण ना, असं एकदा म्हटलं... तर म्हणे, 'तुमी म्हणान तसं.' आणि खाट तिथेच.

कुणी म्हणेल, नशीबवान आहेस लेका. पण मला तिची फार आठवण यायची. भिंतीपलीकडे झोपलेल्या बायकोची आठवण येते, हे सांगणार तरी कुणाला?

दोन वर्षं एमआरआयला मुलगा सोबत यायचा. यंदा त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मंदा आली. सकाळच्या एसटीत मी मुद्दाम खिडकीचा विषय काढला, माझंच बरोबर होतं म्हणालो. ती फक्त 'हो' म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

सेंटरवर नेहमीची सूचना... अंगावर धातू नको. घड्याळ, चष्मा, पट्टा सगळं मंदाच्या पिशवीत टाकलं आणि मी गाऊन घालायला खोलीत गेलो. तिथे लक्षात आलं, कमरेला करदोडा आहे. आधीच्या दोन्ही वेळी साधा काळा दोरा होता. यंदा पोळ्याला मंदाने ताइतासारखी चांदीची पेटी ओवलेला आणला होता, आणि गाठ मारली होती मी. रोजच्या आंघोळीने ती गाठ दगड झालेली, पोट वाढलेलं, त्यामुळे करदोडा खालीही सरकेना.

आतूनच टेक्निशियनला सांगितलं, तर तो बाहेरून म्हणाला, 'काका, कात्री आहे. कापून टाकू का?' मी म्हटलं, आणा.

आमच्याकडे करदोडा कापतात तो माणूस गेल्यावर. घाईत मला ते सुचलंच नाही. बाकावर बसलेल्या मंदाने मात्र ऐकलं.

'कोण कापून राहिलं? जित्या माणसाचा करदोडा कापता?' म्हणत ती सरळ आत. टेक्निशियन दोन पावलं मागे सरकला. मग मोर्चा माझ्याकडे... 'अन् तुमाले काही अक्कल? आणा म्हणता कात्री! धड गाठ मारता येत नाही, धड खिडकी ठेवता येत नाही, अन् निंघाले मोठे!' बाहेर पाच-सहा पेशंट कान देऊन ऐकत होते.

मग ती खाली बसली. आधी नखांनी, मग चक्क दातांनी गाठ सोडवायला लागली, मधूनमधून मला शिव्या देत. तिचा श्वास पोटाला लागत होता. तीन वर्षांत ती इतक्या जवळ आली नव्हती... तिच्या भांगाजवळचे केस पांढरे झालेत, हे मला ठाऊकच नव्हतं. गाठ सुटू नये असं वाटलं. सुटली.

मशीनचा तो खडखडाट दरवेळी जीव खातो. यंदा मी डोळे मिटून गुपचूप पडून राहिलो.

बाहेर आलो तर मंदा करदोडा मुठीत धरून रडत होती. विचारलं, 'इतले दिवस कायले गप्प होती वं?'

'भांडून झोपली असती, अन् सकाळी तुमी उठलेच नसते तं? मंग मी सॉरी कोणाले म्हणू?'

मी म्हणालो, 'तू अशी गप्प राहिल्यावर मी जगून तरी काय करू?'

शुक्रवारी रिपोर्ट आला. गाठ आहे तेवढीच आहे, पुढच्या वर्षी या म्हणाले. पुढच्या वर्षी मशीन काय दाखवेल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. खाट अजून पलीकडच्या खोलीतच आहे, मी रोज त्या खाटेकडे बघतो. पण एक वर्ष हातात आलंय, आणि ते मला या बाईच्या शिव्या खात काढायचंय.

आत्ता हे लिहितोय तर ती मागे उभी राहून वाचतेय. 'घरच्या गोष्टी जगाले कायले सांगून राहिले? पुसा ते पयले!' मी म्हटलं, नाही पुसत... झालं, सुरू झाली. मी जरा ऐकून घेतो.