आत्याबाईंच्या पोटातली गाठ

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं पोट वाढतंय हे घरात सगळ्यात आधी मला दिसलं, पण मी कुणाला बोलले नाही. त्या वर्षी मी फारसं बोलतच नव्हते. माझं पहिलं लेकरू तीन महिन्यांचं होऊन तापानं गेलं होतं. रडू आलं नाही. दूध आटलं, तशी मी पुन्हा जात्यावर बसायला लागले.

आमचं गाव शिरूर कासारच्या अंगाला, सिंदफणेच्या काठी. उन्हाळ्यात नदीत झिरा उकरून पाणी भरायचं. एका सकाळी मी गेले तर आत्याबाई खालच्या बाजूला एकट्याच चिंध्या धूत बसलेल्या. पाणी लाल झालं होतं.

"कधीपासून, आत्याबाई?"

"दोन वर्सं झाली असतील."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"कुनाला सांगू? ल्योकाला?"

त्या पन्नाशीच्या. ज्या वयात बायकांचं थांबतं, त्या वयात त्यांचं वाढलं होतं. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावर जायचं. सासरे जाऊन सहा वर्षं झालेली, आणि विधवा बाईचं पोट असं दिसायला लागलेलं. मी घागर घेऊन गेले की झिऱ्यावरच्या बायका गप्प व्हायच्या. त्या काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं, आत्याबाईंनाही ठाऊक होतं.

सुईण आली. पोट दाबून म्हणाली, "वायगोळा हाय." तिनं एरंडेल चोळलं, पट्टा आवळून बांधला. आठ दिवसांनी आत्याबाईंची लघवीच अडली. सकाळपासून दुपार टळेपर्यंत त्या पदराचा बोळा दातात धरून भिंतीला टेकून होत्या. ऊन पाण्यात बसवलं तेव्हा थेंब-थेंब सुटली. सुईणीनं स्वतःच तो पट्टा सोडला आणि माझ्या मालकांना अंगणात बोलावून सांगितलं, "बाबा, हे माझ्या हाताबाहेरचं हाय. नगरला बायकांचा दवाखाना हाय. तिथली मडम पोट चिरून बरं करती म्हनत्यात. तिकडं न्या."

बैलगाडीत कडबा पसरून त्यावर आत्याबाईंना निजवलं. वाटेत मी दर कोस-दोन कोसांनी त्यांच्या खालची चिंधी बदलत होते. निजामाची मोगलाई संपते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. शिपायानं गाडीत डोकावून पाहिलं आणि मालकांना विचारलं, "जचगी का मामला है क्या?"

बाळंतपणाचं नाव निघताच मालक मान वळवून बैलांचं जू नीट करायला लागले. आत्याबाईच कोपरावर उठल्या.

"माझं वय बघ की रे बाबा," त्या म्हणाल्या. शिपाई मागं सरला. गाडी पुढं गेली.

मडम उंच होती, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलायची. तिनं आधी आत्याबाईंच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, मग नखं. कुठंच लाली नव्हती. रबरी नळी घालून तिनं तुंबलेली लघवी काढली. तरी पोट तसंच टणक. मग एक हात आत आणि एक पोटावर ठेवून ती बराच वेळ चाचपत राहिली. आत्याबाईंनी माझा दंड धरला होता. नखं रुतलेली मला नंतर दिसली.

"बाई, हे मूल नाही," मडम म्हणाली. "गर्भाशयात गाठ वाढली आहे. तिचा भार पडतो म्हणून लघवी अडते. रक्तही तिच्यामुळेच जाते."

मालक दाराबाहेर उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काढली न्हाई तर?"

"रक्त जात राहील, आणि एक दिवस ही बाई जाईल."

"आन् काढताना?"

"तेव्हाही जाऊ शकते. आज काढली तर नक्कीच. अंगात रक्तच नाही. आधी थोडं भरू द्या."

कागदावर मालकांचा अंगठा घेणार होते. आत्याबाईंनी आपला हात पुढं केला. "माझा घ्या. प्वाट माझं हाय."

मालक पेरणीसाठी माघारी गेले. आम्ही दोघी तीन आठवडे तिथंच राहिलो. मी आवारात तीन दगडांवर भाकरी थापायची. आत्याबाईंना लोखंडाचं काळं औषध आणि रोज अंडं असायचं. नवरा गेल्यापासून त्यांनी अंडं खाल्लं नव्हतं. डोळे मिटून गिळायच्या. शेजारच्या खोलीत बाळंतिणी होत्या, पोरं रडायची. मी ऐकायची आणि पीठ मळत राहायची. माझ्या आत काही हलत नव्हतं.

ज्या सकाळी पोट चिरलं, त्या सकाळी मालक आले होते. दुपारी नर्सबाईनं तसराळं आणून दाखवलं. मालकांनी तोंड फिरवलं. मी पाहिलं. भाकरीच्या पिठाचा मोठा उंडा असावा तशी गाठ, पण फिकट, कठीण, बाजूला छोट्या गाठी चिकटलेल्या. गर्भाची पिशवीही तिच्याबरोबरच काढली होती. भीती, किळस, आनंद यातलं मला काहीच वाटलं नाही. मी एवढंच विचारलं, "आत्याबाई जित्या हायेत का?"

"आहेत."

पाचव्या दिवशी ताप चढला, टाक्यांतून पू आला. मडम रोज स्वतः जखम धुवायची. अठराव्या दिवशी आत्याबाई उठून बसल्या आणि भाकरी मागितली.

गावात परतलो तेव्हा झिऱ्यावरच्या सगळ्या बायका ओसरीवर जमल्या. आत्याबाई खांबाला टेकून म्हणाल्या, "माझ्या पोटात काय व्हतं ते माझ्या सुनंनं डोळ्यानं बघितलंय. तिला इचारा."

मी सांगितलं. गाठीचं, नळीचं, पुवाचं, सगळं. लेकरू गेल्यापासून एवढं मी पहिल्यांदाच बोलले. बायका ऐकून घेऊन गेल्या. त्यातल्या दोघी नंतर आपली दुखणी घेऊन आडून-आडून माझ्याकडे आल्या. त्यांतली एक पुढं नगरला गेली, एक गेली नाही.

त्या दिवशी ओसरी रिकामी झाल्यावर आत्याबाईंनी मला जवळ बसवलं.

"तुझ्या लेकराचं कुनी इचारलं न्हाई."

"न्हाई."

"रडलीस का गं तू?"

"न्हाई आलं रडू."

"मला बी न्हाई आलं. तवा अंगावर चाललंच व्हतं, त्यातच सगळं गेलं जनू."

मग त्यांनी सूप ओढलं आणि आम्ही दोघींनी दिवेलागणीपर्यंत तूर निवडली. त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या.