हिवाळ्यात घालायचे तेल

फटफटी माझ्याकडे आली तेव्हा तिला महायुद्धातून निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली होती. गाडी इंग्रजी, एका सिलिंडरची. लष्करी लिलावातून बेळगावला, तिथून दोन मालकांच्या हातून देवगडला. तिच्याबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तक मिळाले. त्याचे मुखपृष्ठ गेले होते, बाकी पाने शाबूत होती.

गाडी घेण्याचे कारण एकच होते. कोल्हापूरचे दैनिक दुपारी एसटीने हमरस्त्यावरच्या तळेऱ्याला उतरे. देवगडची गाडी त्याआधीच सुटलेली असे, म्हणून गठ्ठा तिथेच मुक्काम करी आणि देवगडकर कालचा अंक आज सकाळी वाचत. मी त्या दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार होतो. गठ्ठा त्याच दिवशी चारपर्यंत देवगडला पोचवतो, एजन्सीही मलाच द्या, असे कार्यालयाला लिहिले. उत्तर आले : शिमग्यापर्यंत पोचवून दाखवा, मग ठरवू. नुसत्या बातमीदारीवर घर चालण्यासारखे नव्हते. त्यामुळे शिमग्यापर्यंत फटफटी चालणे आवश्यक होते.

दिवाळीपासून पौषापर्यंत ती चालली. इंजिनात पन्नास नंबरचे जाड तेल होते, आधीच्या मालकाने भरलेले. पौष लागल्यावर मी पुस्तक नीट वाचायला घेतले. त्यात तक्ता होता. उन्हाळ्यात पन्नास नंबर, हिवाळ्यात पातळ तीस नंबर. शेवटी एक सक्त सूचना होती : हिवाळ्यात जाड तेल वापरल्यास इंजिनाचे नुकसान होईल. छापील मजकुरावर विश्वास ठेवणे हा माझा व्यवसायच होता. पन्नास नंबर काढून टाकले, तळेऱ्याच्या पंपावरून तीस नंबरचा डबा आणून ओतला.

चार दिवसांत गाडी निळा धूर सोडू लागली. आठव्या दिवशी तेलाची टाकी अर्धी झाली. मी वरून आणखी तीस नंबर घातले. दहाव्या दिवशी चढावर ठोके ऐकू आले आणि इंजिन जाम झाले. आंब्याखाली गाडी उभी करून ते निवण्याची वाट पाहिली. देवगडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दोन दिवसांनी पुन्हा तेच. निम्मे अंक तसेच राहिले. कोणीतरी कोल्हापूरला कळवले असावे, कारण लगेच पत्र आले. कार्यालयाचा माणूस तपासणीसाठी येत आहे. त्याला उशीर दिसला, तर एजन्सीचा विषय संपला.

घरात आईने गाडीचे ठोके ऐकले होते. पत्राचेही तिला कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रामदेवतेच्या देवळात गेली आणि तेल बदलावे का, असा कौल गुरवाला लावायला सांगितले. गुरव देवाच्या अंगावर फुलांचे ओले कळे लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवा कळा पडला तर होय, डावा पडला तर नाही. दहाच्या सुमारास ती समाधानाने परत आली.

"उजवो पडलो," ती म्हणाली. "तेल बदल."

"कुठलं घालू? जाड की पातळ?"

"ता इचारूक नाय मी."

"मग काय उपयोग?"

"देव काय तुझो फिटर आसा? फिटराक इचार."

देवाचा निर्णय आणि आईचा सल्ला, दोन्ही एकाच दिशेचे होते. मी जामसंड्याला गेलो.

जामसंड्याचे फिटर युद्धात लष्कराचे ट्रक दुरुस्त करत असत. आता ते आंब्याच्या पेट्या वाहणारे ट्रक दुरुस्त करत. गावातले सगळे त्यांना मामा म्हणत. मला पाहताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"काय रे पेपरवाल्या, आज खंयच्या सालचो पेपर हाडलंस?"

मी धुराचे सांगितले, ठोक्यांचे सांगितले. त्यांनी टाकीचे झाकण उघडून आत बोट बुडवले, अंगठ्यावर तेल चोळले आणि ते थेंब-थेंब गळताना पाहिले.

"ह्या तेल न्हय. ह्या पाणी. कोणी घालूक सांगितला?"

"पुस्तकात आहे."

"खंय आसा पुस्तक?"

पुस्तक पिशवीतच होते. मी तक्ता काढून दाखवला आणि वाचून अर्थ सांगितला. मामांनी मान डोलावली.

"बरोबर लिवलेला आसा. आता माका सांग, ह्या पुस्तक छापलेला खंय?"

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बर्मिंगहॅम होते. तेही मी वाचले.

"म्हणजे सायबाच्या गावात. थंय हिवाळ्यात नळातला पाणी गोठता. जाड तेल भायर काढलास तर ताय गोठात. म्हणान तो पातळ घालता." त्यांनी माझ्या कपाळाकडे बोट दाखवले. घामाचा थेंब नाकापर्यंत आला होता. "हयसर पौषात तुका घाम सुटलोहा. ही थंडी? सायबाचो उन्हाळो आमच्या हिवाळ्यापेक्षा थंड!"

"मग आपण पन्नास कधी घालायचं?"

"बाराय म्हयने! तुझ्या पुस्तकातलो हिवाळो देवगडाक येवचोच नाय, रे. आणि गाडी म्हातारी. पिस्टन झिजलोहा, फटीतसून पातळ तेल वर जाता नि जळता. म्हाताऱ्या माणसाक पातळ पेज चलता, म्हाताऱ्या इंजिनाक जाडच होया."

ट्रकसाठी आणलेला पन्नास नंबरचा डबा त्यांच्याकडे होता. त्यांनी मला आधी गाडीवर जामसंड्याच्या बाजारापर्यंत फेरी मारायला लावली. तेल गरम असतानाच काढायचे, म्हणजे तळाचा गाळ सोबत निघतो. परत आलो तेव्हा त्यांनी जमिनीवर पसरायला कागद मागितला. पिशवीत उशिरा पोचल्यामुळे न खपलेले अंक होते. ते पसरले. काळे तेल अग्रलेखावर ठिबकत राहिले.

"आज पयल्यांदा तुझो पेपर कामाक इलो," मामा म्हणाले.

तपासणीचा माणूस तिसऱ्याच दिवशी आला, न कळवता. तळेऱ्याला एसटीतून गठ्ठा उतरला आणि गठ्ठ्यामागोमाग तोही उतरला. मध्यमवयीन गृहस्थ, धोतर, गरम कोट, काळी टोपी.

"मी मागे बसतो," ते म्हणाले. "प्रत्यक्षच पाहावं."

गठ्ठा पेट्रोलच्या टाकीवर बांधला आणि त्यांना मागे घेतले. एवढे ओझे गाडीवर पूर्वी कधी नव्हते. तो नेमका चढ आला तेव्हा मी गियर खाली घेतला आणि कान इंजिनाकडे लावले. ठोके नव्हते. मागे वळून धूर पाहावा असे वाटत होते, पण मागे साहेब होते.

"काय हो," ते ओरडले, "पौषात एवढं उकडतं तुमच्याकडे?"

"हाच आमचा हिवाळा," मी म्हणालो.

चढ संपला. साहेबांनी कोट काढून मांडीवर घेतला आणि पुढचा रस्ता नुसत्या शर्टावर काढला. देवगडच्या स्टँडवर पोचलो तेव्हा चाराला काही मिनिटे कमी होती. धोतरावर तेलाचे काळे शिंतोडे उडाले होते. इंजिन बरे झाले असले तरी गळायचे थांबले नव्हते. त्यांनी ते पाहून धोतराचा सोगा आवरला. चहाच्या दुकानाच्या बाकावर लोक बसलेले होते. त्यांच्याकडे बोट करून साहेबांनी दुकानदाराला विचारले, "हा पेपर रोज एवढ्याला येतो का?"

दुकानदार माझा मित्र होता. पण खोटे बोलण्यात त्याला गती नव्हती.

"खरा सांगू? मदी दोन दिस उशीर झालो," तो म्हणाला. "दिवेलागण झाली. पण बरेच लोक हलले नाय. थयसरच बसान ऱ्हवले. चाय पिवन पिवन माझा दूध संपला. आता सायबानू, ज्या पेपराची माणसा अशी वाट बघतत, तो दुसऱ्या दिवशी शिळो हाडून कसो चलात?"

साहेब हसले. एजन्सी कायम केल्याचे त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या सांगितले. पत्र मागाहून पाठवतो म्हणाले. मग बाकावर टेकले, चहा सांगितला आणि वाचायला एक अंक मागितला. मी गठ्ठ्याकडे वळलो. तिथे फक्त सुतळी उरली होती. साहेबांनी त्या दिवशीचे आपले दैनिक शेजारच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून वाचले, आणि त्याने पान लवकर उलटले म्हणून दोनदा कुरकुर केली.