वर्ना हॉगनची तांब्याची गोळी

सव्वीस वर्षं आर्डेल हॉगनच्या रायफलीत एकाच हातची काडतुसं जात आली होती: त्याच्या थोरल्या बहिणीच्या. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस हाकायची आणि मधल्या वेळात गॅरेजमध्ये काडतुसं भरायची, हा वर्नाचा दिनक्रम. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी साफ कर, बंदुकीची दारू तोल, वर गोळी बसव. डोंगरापलीकडच्या गावातही लोक म्हणत, "आर्डेल चुकत नाही." वर्ना मनातल्या मनात दुरुस्ती करायची: मी चुकत नाही.

त्या वर्षी एकतीस अर्जांनंतर आर्डेलला रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. सोडतीत असा परवाना जन्मात एकदाच, तोही नशीब असलं तर. बातमी सांगायला तो आला, तेव्हा वर्नानं पाव भाजायचा सोडून थेट वजनकाट्यावरचं फडकं काढलं.

"अगं थांब," आर्डेल टोपी हातात फिरवत म्हणाला. "या खेपेला कॉरीन भरतेय."

कॉरीन म्हणजे त्याची दोन वर्षांपूर्वीची बायको. जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात काम करायची.

"ती? तिला चमचा मोजून साखर घालता येत नाही!"

"तिला शिशाची गोळी नकोय, वर्ना. आपण आतडी डोंगरात टाकून येतो, त्यातला शिशाचा चुरा गरुड खातात. मान टाकलेले गरुड तिच्या टेबलावर येतात. म्हणते, आपल्या फ्रीजरमधल्या मांसातही तोच चुरा असतो."

"आपल्या बापानं शिशावर आठ पोरं वाढवली."

"त्यातला क्लिफर्ड कसा निघाला बघितलंस ना?"

वर्ना हसली नाही. "मलाही शिशाऐवजी तांब्याची गोळी भरता येते," ती म्हणाली. "हिवाळाभर रायफल आळीपाळीनं एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. मग नेमबाजीच्या मैदानावर तू मार. जिच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतील, तिची काडतुसं डोंगरावर."

वर्नानं काय करावं? जुन्या शिशाच्या गोळीइतक्याच वजनाची तांब्याची गोळी आणली. तांबं हलकं, वजन तेवढंच राखायचं तर गोळी लांबलचक होते आणि तेवढी लांब गोळी त्या जुन्या नळीला नीट गरगर फिरवता येईना; ती हवेत आडवी व्हायची. निशाणाच्या कागदावर गोल भोकांऐवजी आडव्या फटी. जणू कुणी चाव्यांचा जुडगा फेकून मारलाय. वर हिनं सवयीनं गोळी नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांना भिडेल इतकी पुढे बसवलेली. तीन गोळ्या, तीन दिशा.

"आमच्या मार्शाकडून ऐकलं," पेट्रोल पंपावरच्या लॉइडनं विचारलं, "कॉरीनच्या तीन गोळ्या दोन अंगठ्यांखाली झाकतात. खरं का गं?"

"अंगठे कुणाचे? तुझे असतील तर गायही झाकेल."

पण ती टाकी अर्धीच भरून निघाली. कॉरीन सफरचंदाची पाई घेऊन आली की आर्डेल दोन तुकडे खातो, हेही तिला त्याच वेळी आठवलं.

आठवडा कॉरीनकडे काढून रायफल परत आली, तेव्हा रायफलीच्या खोळीच्या खिशात एक काडतूस राहून गेलं होतं. कॉरीनचं. वर्नानं ते खिडकीत ठेवलं. भांडी घासली. पुन्हा पाहिलं. मग काडतुसातली गोळी सोडवायचं हातोडीसारखं अवजार घेतलं, काडतूस त्यात अडकवून ठोकलं आणि गोळी तळहातावर घेतली.

आखूड. आपल्या गोळीपेक्षा बरीच हलकी. खोलण्याआधी बाहेरून मापून घेतलंच होतं: आट्यांपासून चांगली मागे बसवलेली, गोळीला थोडी उडी मारायला जागा सोडून.

"शहाणी," वर्ना म्हणाली. ही शिवी होती.

तिनं तशाच आखूड गोळ्या आणल्या. दारूचं माप मात्र तिनं चोरलं नाही. खालून थोडं थोडं चढवत स्वतः शोधलं. गोळी आणखी केसभर मागे सरकवली. ठरलेल्या रविवारी मैदानावर आर्डेलनं दोनशे यार्डांवर आधी कॉरीनच्या तीन मारल्या: दोन अंगठे. मग वर्नाच्या तीन. तिन्ही भोकं एकात एक, एका अंगठ्याखाली.

"अरे बापरे!" कॉरीन कागद घेऊन पळतच आली. "वर्ना, मला अख्खा हिवाळा लागला गं! तुला कसं सापडलं?"

लॉइड, मार्शा, सगळे बघत होते. 'अनुभव' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण कॉरीनच्या तोंडावर खरंखुरं कौतुक होतं, आणि ते फुकट घेणं वर्नाला जड गेलं.

"तुझं एक काडतूस खोललं मी."

आर्डेलनं रायफल खाली ठेवली. "विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं!"

"म्हणून तर विचारलं नाही."

मग कॉरीन हसायला लागली, डोळे पुसेपर्यंत. "आर्डेल, हिचीच ने. मेंढा एकदाच मिळतो." आणि वर्नाकडे वळून, "माप सांगशील? मला माझ्या रायफलीला करून बघायचंय."

वर्नानं सांगितलं. दारूचं, लांबीचं, सगळं, दोनदा. चुकीचं माप ती शत्रूलाही देणार नव्हती. घरी येताना गाडीत ती मोठ्यानं म्हणाली, "जिंकले ना मी!" आणि वळणापर्यंत कॉरीनचं ते हसू आठवत राहिली. तिनं चिडायला हवं होतं. मेलीला तेवढंही नीट जमत नाही.